क्यूजीआयएस: पाणलोटाच्या कामासाठी शिकले त्याचा सविस्तर रिव्ह्यू

मला बरेच जण विचारतात की आम्ही जिऑलॉजीचे, भूगोलाचे, पाणलोटाच्या कामातले, आम्हाला कॉम्प्युटरवर नकाशे करायला शिकायचंय, तर क्यूजीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर) धरू का दुसरं काही. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईल. आणि हा रिव्ह्यू नुसत्या सॉफ्टवेअरचा नाहीये, ते शिकायला काय काय लागतं त्याचाही आहे, कारण सॉफ्टवेअर फुकट मिळतं पण ते हातात बसायला वर्ष जातं आणि त्या वर्षात माणूस कुठे अडतो हे कुणी सांगतच नाही.

माझं सांगते. एमएस्सी जिऑलॉजी, पण आमच्या वेळेला डिपार्टमेंटला कॉम्प्युटर म्हणजे थिसिस टाइप करायला. नकाशा सगळा हाताने. टोपोशीटवर (सर्वे ऑफ इंडियाच्या छापील नकाशावर) ट्रेसिंग पेपर चिकटवायचा, रॉटरिंग पेनने ओढे उतरवायचे, कंटूर म्हणजे समान उंचीच्या रेषा बघत बघत रिज लाइन, म्हणजे पाणी जिथून दोन बाजूंना वाटलं जातं ती रेघ, पेन्सिलने काढायची आणि मग क्षेत्रफळासाठी ग्राफ पेपर घालून चौकोन मोजत बसायचे. १:५०,००० च्या शीटवर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर, हे गणित अजून झोपेतही येतं. आता मी एका छोट्या संस्थेसोबत पुरंदर तालुक्यात काम करते, विहिरींच्या नोंदी, पाणलोटाचे आराखडे, गावाला पाण्याचा हिशोब समजावून सांगणं असं. ते हाताने करून पुरेना म्हणून शिकायला घेतलं.

सुरुवात मी चुकीची केली. पैसे भरून शनिवार-रविवारचा एक ऑनलाइन क्लास लावला, साडेसहा हजार रुपये, कुणाचा ते लिहीत नाही. शिकवणारे हुशार होते पण डेटा सगळा तयार, धुऊनपुसून ठेवलेला, कुठल्यातरी अमेरिकेतल्या राज्याचा. इथे क्लिक करा, ओके दाबा, हे बघा आला नकाशा. मी पण दाबलं, माझाही आला. सर्टिफिकेट आलं. सोमवारी आपल्या भागाचा डेटा उघडला आणि पहिल्याच पायरीला घोडं अडलं, कारण तो डेटा कुठल्या प्रोजेक्शनमधे (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत) आहे हेच मला ओळखता येत नव्हतं आणि क्लासमधे तो प्रश्न कधी आलाच नव्हता. साडेसहा हजारांपेक्षा मला त्या चार वीकएंडचं वाईट वाटलं.

मग ठरवलं की शिकायचं तर आपल्या ओढ्यावर. कऱ्हा नदीला मिळणारा एक ओढा आहे, मी तो मुखापासून माथ्यापर्यंत कितीतरी वेळा चाललेय, कुठे बंधारा आहे, कुठे काळा पाषाण उघडा पडलाय, कुठल्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं सगळं पाठ. त्या ओढ्याचा पाणलोट मी पूर्वी हाताने काढलेला होता, ११४० हेक्टर. तोच कॉम्प्युटरवर काढायचा आणि ताडून बघायचा. जे काही शिकले ते या एका ओढ्यापायी शिकले, आणि कुणी विचारलं तर मी हेच सांगते की तुम्हाला पायाखालची माहिती असलेला एक तुकडा घ्या, तुमची चूक तुम्हाला लगेच दिसते. परक्या डेटावर चूक दिसतच नाही, नकाशा छान रंगीत येतो आणि तुम्ही खुश.

आता सॉफ्टवेअरबद्दल. क्यूजीआयएस हे ओपन सोर्स आहे, २००२ साली गॅरी शर्मन यांनी सुरू केलं, १.० व्हर्जन आलं २००९ मधे, आणि आता जगभरातले लोक मिळून ते चालवतात. लायसन्स विकत घ्यायचं नाही, लायसन्सची की टाकायची नाही, दरवर्षी रिन्यू करायचं नाही. इंस्टॉलर एक जीबीच्या पुढे आहे, त्यामुळे गावाकडच्या नेटवर डाउनलोड करायला बसू नका, शहरात आलात की पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. माझा लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅम, एका तालुक्यापुरतं काम आरामात होतं. डाउनलोड करताना नेहमी लाँग टर्म रिलीज, म्हणजे जास्त दिवस न बदलता सांभाळलं जाणारं व्हर्जन, घ्या. सगळ्यात नवीन व्हर्जनचा मोह होतो, पण दर चार महिन्यांनी नवीन येतं आणि टूल इकडचं तिकडे झालेलं असतं.

उंचीचा डेटा म्हणजे डीईएम, त्यात प्रत्येक चौकोनाला (पिक्सेलला) एक उंची असते. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २००० मधे एंडेव्हर स्पेस शटलने ११ दिवसांत रडारने घेतलेला, तो अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या (यूएसजीएस) अर्थएक्सप्लोरर साइटवर फुकट मिळतो, फक्त अकाउंट काढायचं. एक टाइल एक अंश बाय एक अंश, आमच्या सासवडकडची एन१८ई०७४. प्रत्येक पिक्सेल साधारण ३० मीटरचा. आपल्या इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोडीईएम पण आहे, तोही बघा. अन् युरोपच्या कोपर्निकसचा ३० मीटरवाला, त्याची मूळ मोजणी २०११ ते २०१५ च्या सुमाराची, म्हणजे एसआरटीएमपेक्षा नवीन, त्यामुळे मधल्या काळात झालेलं एखादं धरण किंवा खाण त्यात दिसते. मी तिन्ही शेजारी शेजारी लावून पाहिले, आमच्या ओढ्यासाठी मला कोपर्निकस सगळ्यात बरा वाटला.

टाइल उघडली, काळापांढरा चौकोन आला, हिलशेड केलं (म्हणजे डोंगरांवर एका बाजूने उजेड पाडून सावल्या काढल्या) आणि खरं सांगते, पुढे अर्धा तास मी काहीच केलं नाही, नुसती बघत बसले. दख्खनच्या पठाराला ट्रॅप का म्हणतात, स्वीडिश भाषेत ट्रापा म्हणजे पायरी, हे आम्ही पहिल्या वर्षी पाठ केलेलं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, मग झीज होऊन पायऱ्या पायऱ्या झाल्या. पाठ होतं, शेतात उभं राहून पाहिलेलं पण होतं, पण पुरंदरच्या डोंगराची सगळी सोंड वरून एका नजरेत, पायरी न् पायरी, सावलीत उठून आलेली, हे ट्रेसिंग पेपरवर कधी दिसलं नव्हतं. यासाठी तरी एकदा करून बघा.

हिलशेडची एक गोष्ट मात्र जिऑलॉजीवाल्यांनी लक्षात ठेवायची. यात सूर्य कुठल्या दिशेला ठेवायचा ते आपण ठरवतो, क्यूजीआयएसमधल्या जीडीएएल या टूलसेटच्या हिलशेडमधे तो आधीच ३१५ अंशावर म्हणजे वायव्येला असतो. त्या उजेडाला आडव्या असलेल्या रेषा उठून दिसतात आणि उजेडाच्या दिशेने जाणाऱ्या रेषा गायब होतात. म्हणजे डाइक (खडकात घुसलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती) किंवा भेगा शोधत असाल आणि एकाच हिलशेडवर लिनियामेंट, म्हणजे जमिनीवर दिसणाऱ्या अशा सरळ रेषा, काढून मोकळे झालात तर तो नकाशा जमिनीचा कमी आणि तुमच्या दिव्याचा जास्त. मी चार दिशांनी चार हिलशेड करते, किंवा मल्टिडायरेक्शनल ऑप्शन असतो तो टिक करते. माझ्याकडे येणारे बरेच रिपोर्ट मी वाचते, त्यात लिनियामेंट सगळे एकाच दिशेचे दिसले की मी आधी हेच विचारते.

मग आला तो प्रोजेक्शनचा भाग, जिथे निम्मे लोक सोडून देतात. एसआरटीएमचा डेटा अंशांमधे असतो, अक्षांश-रेखांश, कोड ईपीएसजी ४३२६ (प्रत्येक प्रोजेक्शनला असा एक नंबर असतो). उंची मात्र मीटरमधे. तशाच टाइलवर मी स्लोप, म्हणजे उतार, काढला तर पुरंदर तालुका सगळा नव्वद अंशाचा उभा कडा, सपाट माळसुद्धा. कारण आडवं अंतर अंशात आणि उभं मीटरमधे, कॉम्प्युटरला वाटतं की एवढ्याशा अंतरात कितीतरी मीटर चढ आहे. उपाय सोपा, आधी डीईएम यूटीएम या मीटरमधे मोजणाऱ्या प्रोजेक्शनमधे आणायचा. ७८ रेखांशाच्या पश्चिमेला असाल, म्हणजे पुणे, नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, तर झोन ४३ उत्तर, कोड ईपीएसजी ३२६४३. पूर्वेला नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली असाल तर झोन ४४, कोड ३२६४४. हे दोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा, माझ्या टेबलासमोर अजून चिकटवलेले आहेत. आणि वॉर्प (प्रोजेक्शन बदलायचं टूल) करताना रीसँपलिंगमधे निअरेस्ट नेबर असतं ते बदलून बायलिनियर करा, नाहीतर हिलशेडमधे बारीक बारीक पट्टे दिसतात, मी ते पट्टे दोन दिवस खडकात शोधत होते.

क्षेत्रफळाचं पण तसंच. फील्ड कॅल्क्युलेटरमधे क्षेत्रफळाची दोन फंक्शन आहेत. डॉलरवालं एरिया असतं ते पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब धरून चौरस मीटर देतं, आणि दुसरं साधं एरिया, कंसात जिऑमेट्री लिहायचं, ते लेयर ज्या प्रोजेक्शनमधे असेल त्यातच मोजतं. लेयर अंशांमधे असेल तर उत्तर चौरस अंशात. माझ्या ओढ्याचा पाणलोट पहिल्यांदा ०.०००९९ आला. हाताने मोजलेले ११४० हेक्टर माहीत होते म्हणून थांबले, नाहीतर काहीतरी गुणाकार करून पुढे गेले असते.

आता जुनी टोपोशीट. आमच्याकडे ४७ जे/३ नंबरच्या शीटचं एक स्कॅन होतं, ते जिओरेफरन्सरमधे (स्कॅन नकाशा जागेवर बसवायच्या टूलमधे) घेऊन चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश टाईप केले, शीट बरोबर बसली असं वाटलं, खाली सॅटेलाइट इमेज लावली तर ओढा शंभर-सव्वाशे मीटर बाजूला. विहीर ओढ्याच्या या काठावर पाहिजे ती त्या काठावर. मी परत केलं, परत तेच. आकडे बरोबर, क्लिक बरोबर, तरी सरकलेलं. कारण असं की जुन्या शीट एव्हरेस्ट स्फेरॉइडवर काढलेल्या आहेत आणि जीपीएस, सॅटेलाइट सगळं डब्ल्यूजीएस ८४ वर. पृथ्वीचा आकार मोजायची पट्टीच वेगळी, त्यामुळे एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्हीकडे थोडे वेगळे येतात. कोपरे टाकताना टार्गेटला कालियनपूर १९७५ निवडायचं आणि मग यूटीएमला न्यायचं, की शीट बऱ्यापैकी जागेवर येते. हे कळायला मला तीन आठवडे लागले, आणि ज्या दिवशी ओढ्यावर ओढा बसला त्या दिवशी खरंच जीव भांड्यात पडला. आता सर्वे ऑफ इंडियाच्या ओपन सीरिज शीट त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर रजिस्टर करून फुकट पीडीएफमधे मिळतात, त्या डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, त्यामुळे नवीन लोकांनी तिथून सुरुवात केली तर एवढा त्रास नाही. पण जुन्या शीटवर जुने पाणवठे, जुने रस्ते असतात ते नवीनवर नाहीत, म्हणून मला दोन्ही लागतात.

पाणलोट काढायचं टूल. जुने बरेच व्हिडिओ सागा नावाच्या टूलसेटवर आहेत, फिल सिंक्स वँग अँड लिऊ वगैरे, आणि नवीन व्हर्जनमधे सागा आधीपासून येतच नाही, वेगळं प्लगिन टाकावं लागतं. नवीन मुलं व्हिडिओ लावून बसतात आणि ते मेन्यूच सापडत नाही, त्यांना वाटतं आपल्याच लॅपटॉपमधे काहीतरी खराब आहे. माझा अर्धा स्टार गेला तो इथे. व्हर्जन बदललं की जुनं शिकवलेलं अर्धं निरुपयोगी, आणि टूलच्या खिडकीतली मदत इतकी तुटक की ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कळेल.

मी ग्रास नावाचा टूलसेट वापरते, क्यूजीआयएससोबतच इंस्टॉल होतो. ग्रास तर क्यूजीआयएसपेक्षाही जुनं, १९८२ च्या सुमाराला अमेरिकन लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत सुरू झालेलं. त्यातलं आर डॉट वॉटरशेड. त्याला आधी डीईएममधले खोलगट खड्डे भरून घ्यावे लागत नाहीत, ते स्वतःच पाण्याला कमीत कमी चढावाची वाट शोधून देतं. फक्त एक थ्रेशोल्ड द्यायचा, किती पिक्सेलचं पाणी जमलं की त्याला ओढा म्हणायचं. ३० मीटरचा पिक्सेल म्हणजे ९०० चौरस मीटर, १००० दिलं म्हणजे ९० हेक्टर. मी ५०० वर करते, आमच्याकडचे बारके ओहोळ त्यातच येतात. खाली आउटपुटची भलीमोठी यादी असते, नको असलेल्यांवरची टिक काढा नाहीतर एकदम आठ-दहा लेयर येऊन पडतात आणि नवीन माणूस भांबावतो.

एक गोष्ट कुठल्याही व्हिडिओत मला सापडली नव्हती म्हणून इथे लिहिते. फ्लो अॅक्युम्युलेशनच्या (कुठल्या पिक्सेलवर वरून किती पिक्सेलचं पाणी येतं त्याच्या) लेयरमधे कधी कधी आकडे उणे येतात. माझ्या ओढ्यात मुखाजवळ सगळे उणे. मी म्हटलं डेटा बिघडला, डाउनलोड परत केलं. बिघडलेलं काही नसतं. तुम्ही कापलेल्या डीईएमच्या बाहेरूनही तिथे पाणी येत असावं, म्हणजे हा आकडा पुरा नाही, असं ते टूल उणे चिन्हाने सांगत असतं. मी डीईएम पाणलोटाच्या फार जवळून कापला होता, रिजच्या आतून. चारी बाजूंनी दोन दोन किलोमीटर जास्त ठेवून कापला आणि उणे गेले. मला हे टूल तेव्हापासून फार आवडायला लागलं, आपल्याला अमुक माहीत नाही हे ते प्रामाणिकपणे सांगतं.

मग आर डॉट वॉटर डॉट आउटलेट, म्हणजे ओढ्याच्या मुखावर क्लिक करायचं आणि वरचा सगळा पाणलोट मिळतो. हा क्लिक अगदी ओढ्याच्या पिक्सेलवरच पाहिजे. एक पिक्सेल बाजूला पडला की चार-पाच पिक्सेलचा ठिपका येतो, मला तीनदा आला. झूम करून करून, अॅक्युम्युलेशनचा सगळ्यात गडद पिक्सेल पकडून केलं तेव्हा पूर्ण पान उघडल्यासारखा पाणलोट आला. ११६२ हेक्टर. हाताने ११४०. वीस वर्षांपूर्वीच्या पेन्सिलीत आणि यात २२ हेक्टरचा फरक, मी ते ट्रेसिंग कपाटातून काढून स्क्रीनशेजारी धरलं होतं.

पण मग तो नकाशा छापून गावात नेला. आबा म्हणून आहेत, पंच्याहत्तरच्या पुढचे, बांधावर बसून नकाशा मांडीवर घेतला, दिशा समजावून दिली, बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले. "ताई, हितनं पाणी जात न्हाय." मी म्हटलं आबा, उंचीनं तर इथूनच जायला पाहिजे. "जायला पायजे, पन जात न्हाय. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या आधी इथं काम निघालं व्हतं, तवा नाला वळावला. माझ्या हातानं खडी फोडलीया मी." चालत गेलो, आणि खरंच, एक जुना बांध, वर बाभळी वाढलेल्या, दीड-दोन मीटर उंच असेल, त्याने सगळं पाणी उजवीकडच्या ओहोळात घातलेलं. दीड मीटरचा बांध ३० मीटरच्या पिक्सेलमधे कुठून दिसणार. पाणलोटातल्या साधारण ६० हेक्टरवरचं पाणी आमच्या ओढ्यात येतच नव्हतं, आणि आम्ही त्या ६० हेक्टरचं पाणी धरून एका बंधाऱ्याचा हिशोब मांडला होता. माझ्या २००० च्या सुमाराच्या हातच्या नकाशातही ही चूक होतीच, कारण टोपोशीटवर कंटूर २० मीटरला एक.

दुरुस्ती क्यूजीआयएसमधे सोपी निघाली. त्या बांधाची रेष काढली, तिला रास्टर केलं, म्हणजे पिक्सेलमधे बदललं, आणि डीईएममधे तेवढ्या पिक्सेलना ५ मीटर चढवले, परत टूल चालवलं, पाणी वळलं. हाताने असतं तर सगळा नकाशा पुन्हा. पुढच्या जुलैत चांगला पाऊस झाल्यावर मी मुद्दाम जाऊन पाहून आले, पाणी आबांनी सांगितलं तिकडूनच जातंय.

विहिरींसाठी क्यूफील्ड. हे क्यूजीआयएसचं मोबाइलवालं अॅप, अँड्रॉइडवर नीट चालतं, रेंज नसली तरी चालतं कारण नकाशा आधीच फोनमधे टाकलेला असतो. विहिरीपाशी उभं राहायचं, ठिपका टाकायचा, फॉर्म भरायचा: खोली, पाणीपातळी, मुरूम किती, मांजऱ्या (छिद्राछिद्रांचा मऊ खडक) किती, तांबडा बोल (लाव्ह्याच्या दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा) लागला का, फोटो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर, आम्हीही तेच महिने धरलेत म्हणजे ताडून बघता येतं. गावातली दोन मुलं आता हे माझ्याशिवाय करतात, एकाला तर माझ्यापेक्षा फॉर्म चांगला बनवता येतो, त्याने खडकांच्या नावांचा ड्रॉपडाउन केला त्यामुळे स्पेलिंगचे घोळ संपले.

मराठीत डेटा ठेवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. शेपफाइल (नकाशाचा डेटा ठेवायचा जुना फाइल प्रकार) वापरू नका. त्यात कॉलमच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा तीन बाइट खाते, म्हणजे "पाणीपातळी" लिहिलं की "पाण" एवढंच उरतं. जिओपॅकेज वापरा, सगळं मराठी नीट राहतं आणि एकाच फाइलमधे सगळे लेयर. एक्सेलमधून आणताना सीएसव्ही यूटीएफ-८ असं निवडूनच सेव्ह करा, साधं सीएसव्ही केलं की गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. आणि ऑफिसांमधून येणाऱ्या जुन्या याद्या श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या असतात, त्या आधी युनिकोडमधे बदलून घ्याव्या लागतात, त्याला क्यूजीआयएस काही करू शकत नाही. नकाशावर मात्र जोडाक्षरं, रफार सगळं व्यवस्थित छापून येतं, कऱ्हा मधला ऱ्ह सुद्धा. गावातल्या माणसाला स्वतःच्या लिपीत स्वतःच्या ओढ्याचं नाव नकाशावर दिसलं की तो नकाशा जवळ ओढून घेतो, हे मी दरवेळी बघते.

एक धोका. विहिरींचे ठिपके टाकले की सगळ्यांना इंटरपोलेशन, म्हणजे ठिपक्यांमधल्या जागांचे आकडे अंदाजाने भरायची, घाई असते, आयडीडब्ल्यू (त्याची एक पद्धत) लावायचं, रंगीत चादर येते, प्रेझेंटेशनमधे झकास दिसते. बेसॉल्टमधे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, हे फार जपून. शेजारशेजारच्या दोन विहिरी वेगवेगळ्या थरातलं पाणी घेत असतात, एक मांजऱ्यातलं, दुसरी खालच्या भेगाळ पाषाणातलं, मधे तांबडा बोल, आणि टूल बिचारं दोन्हीची सरासरी काढून मधल्या शेताला पातळी देऊन टाकतं. आधी कुठली विहीर कुठल्या थरातली ते वेगळं करा. आणि पाणी कुठून कुठे वाहतंय बघायचं असेल तर जमिनीपासूनची खोली चालत नाही, समुद्रसपाटीपासूनची पातळी लागते, आणि ती काढायला एसआरटीएमची उंची वापरू नका. त्याची उंचीतली अचूकता १६ मीटरची धरलेली आहे आणि आमच्या विहिरींमधला फरक दोन-तीन मीटरचा. आम्ही ऑटो लेव्हल (उंची मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावून प्रत्येक विहिरीच्या काठाची उंची घेतली, चार दिवस लागले, त्याला पर्याय नाही.

काम सेव्ह करायची सवय लावा. टेंपररी लेयर म्हणून एक प्रकार असतो, तो फाइलमधे नसतोच, नुसता मेमरीत. मी एकदा ६३ विहिरी त्यावर टाकल्या आणि लॅपटॉपची बॅटरी गेली. सगळ्या गेल्या. लेयरच्या नावापुढे छोटी चिपसारखी खूण दिसली की लगेच क्लिक करून जिओपॅकेजमधे टाका.

शिकायचं कुठून? क्यूजीआयएसच्या साइटवरचं ट्रेनिंग मॅन्युअल उत्तम आहे, त्यातला सराव दक्षिण आफ्रिकेतल्या स्वेलेंडॅम गावाचा आहे, प्रत्येक धडा तिथला करून झाला की लगेच तोच आपल्या गावावर करायचा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधे क्यूजीआयएसची मालिका आहे, छोटे छोटे व्हिडिओ, अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर लावून करायचे, संथ आहेत पण नवशिक्याला तेच बरं. डेहराडूनच्या आयआयआरएसचे (इस्रोच्या रिमोट सेन्सिंग संस्थेचे) ऑनलाइन कोर्स फुकट असतात, थिअरी पक्की होते, रिमोट सेन्सिंग म्हणजे काय ते नीट कळतं. प्रॅक्टिकल मात्र स्वतःच करावं लागतं.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबद्दल विचारतात. आधी नको. आधी मॉडेल डिझायनर शिका, त्यात टूलचे डबे एकमेकांना जोडायचे आणि एकदा जोडले की सगळं एका क्लिकमधे. मी एका ओढ्याचं मॉडेल केलं आणि शेजारच्या १४ ओढ्यांवर चालवलं, एका दुपारीत झालं. मग त्यातूनच पायथनमधे काय लिहिलं जातं ते बघता येतं, तिथून हळूहळू वळता येतं. मी विहिरींच्या पाच वर्षांच्या नोंदींचे ग्राफ आता पायथनमधे करते, पण त्याला आठ महिने लागले आणि त्याची मला घाई नव्हती.

कुणाला सुरुवात करायची असेल तर लाँग टर्म रिलीज टाका, आपल्या ओढ्याची टाइल डाउनलोड करा, ३२६४३ किंवा ३२६४४ मधे आणा आणि हिलशेड करून बघा, एवढं एका रविवारी होतं. पुढे कुठे अडलात तर व्हर्जन नंबर आणि लेयरचा ईपीएसजी कोड लिहून विचारा, नुसतं "येत नाहीये" लिहिलं तर मलाही सांगता येत नाही. मी सोमवार ते गुरुवार फील्डवर असते, उत्तर शुक्रवारी देईन.